दोन आज्या, एक टाळू

अहो, ऐकलंत का? जरा इकडे कुंपणाशी या. मोठ्यानं बोलता येत नाही, त्यांची खिडकी उघडी आहे. तुळशीला पाणी घालतेय असं दाखवा... हां, असं.

कोपऱ्यावरच्या सूनबाईंचं बाळ हो. चार महिन्यांचं. सदानकदा कुंची, आणि कुंचीवर पुन्हा ती लोकरीची कानटोपी. मी आपली म्हणायचे, बंगळूरची हवा, संध्याकाळी भुरभुर पाऊस, असू दे. तर टोपीखाली काय निघालं माहितेय? पोपडे! पिवळट, मेणचट, अख्ख्या टाळूला चिकटलेले. बारशालाच थोडे होते म्हणे, पण "जन्माचा मळ आहे, जाईल" म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मीसुद्धा. म्हणजे मी काही बोलले नाही, नुसती मान हलवली.

आता त्या घरात आज्या दोन. पुण्याच्या सासूबाई सकाळी टाळू भरायच्या, खोबरेल अगदी थबथबून. आणि धारवाडच्या विहीणबाई संध्याकाळी, "कोब्बरी एण्णि हच्चरी" म्हणत, तेच तेल, तीच टाळू! पहिलीनं भरलंय हे दुसरीला माहीत असूनसुद्धा हो. रात्रभर ते तेल तसंच. वर न्हाऊ घालताना डाळीच्या पिठानं खसखस चोळणं, आणि केस वाळवायला लोभानाची धुरी. धुरीवरून मात्र दोघींचं एकमत. त्या घरात एकमत झालेली ही एकच गोष्ट.

मग जावळाचं निघालं. पुण्याच्या म्हणाल्या, "जावळ काढा, सगळं निघून जाईल." धारवाडच्या म्हणाल्या, "आमच्याकडं पहिले केस तिरुपतीला." आणि दोघी गप्प. सून मधे बसलेली, मांडीवर बाळ, बाळ तिच्या खांद्यावर डोकं घासतंय... अहो, ते घासणंच महत्त्वाचं होतं, पण पाहतंय कोण!

आणि तो मुलगा, बाळाचा बाप, त्याचं आणखी वेगळंच. त्याच्या मते सगळा दोष पाण्याचा. आता आपल्या लेआउटात बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर बसतो, हे काय नवीन आहे? 2024च्या मार्चमध्ये आठवतंय ना, पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर 5,000 रुपये दंड होता, तेव्हा हा टँकरवाल्याशी भांडत होता. पुढं ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, पण आपल्या नळाला कुठाय कावेरी... जाऊ दे, तो विषय नको, माझं बीपी वाढतं. तर काय सांगत होते, हां, त्यानं मोरीत सॉफ्टनर बसवला. पोपडे होते तिथेच.

मग गेले एकदाचे स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे. आपल्याकडे भांड्याला येते ना, तीच त्यांच्याकडे बाळाला न्हाऊ घालते, ती पिशवी धरायला बरोबर होती. म्हणून मला सगळं कळलं. मी विचारलं नव्हतं हं, तीच सांगत सुटली.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "खाजतं का?" आज्या म्हणाल्या नाही, सून म्हणाली हो. मग त्यांनी टोपी काढली, गाल पाहिले, लालबुंद आणि खरखरीत. म्हणाल्या, नुसते टाळूचे पोपडे असते तर बाळाला पत्ताही नसता. क्रेडल कॅप म्हणतात त्याला. आईच्या पोटातून आलेल्या हार्मोन्समुळे बाळाच्या डोक्याला तेल सुटतं, कातडीवर आपल्या सगळ्यांच्याच असते ती एक बुरशी त्यावर पोसली जाते, आणि बहुतेकांचं वर्षाच्या आत आपोआप जातं. पण खाज आहे, गाल लाल आहेत, म्हणजे यात इसबही आहे. इसब! पुण्याच्यांचा चेहरा असा उतरला म्हणे, जणू कुणी कुळाचं नाव घेतलं.

थांबा, खरी मजा पुढेच आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला दमा? सकाळी उठून शिंका?" धारवाडच्यांनी पुण्याच्यांकडे पाहिलं. पुण्याच्यांनी धारवाडच्यांकडे पाहिलं. आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पुण्याचे आजोबा... सटासट सात! सात शिंका! ही भांडेवाली मोजत होती. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. पुढं दोन मिनिटांनी सुनेनंच सांगितलं की तिच्या आईला लहानपणी दमा होता, तेव्हा कुठे बरोबरी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्हीकडचं थोडं थोडं, दोष कुणाचाच नाही. पण तोवर कोण ऐकतंय.

पाण्याचंही विचारून घेतलं त्या मुलानं. त्या म्हणाल्या, जड पाण्याच्या भागात इसब जास्त दिसतं, हे खरं. पण इंग्लंडात इसब असलेल्या 336 मुलांवर पाहिलंय, निम्म्यांच्या घरी सॉफ्टनर बसवले, तीन महिन्यांनी दोन्ही गटांत काही फरक नाही. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. मोरीतलं ते डबडं काही स्वस्त नव्हतं.

मग त्यानं खिशातून एक ट्यूब काढली. मेडिकलमधून आणलेली, "सगळ्यावर चालते" म्हणून. चिठ्ठी नाही, काही नाही! डॉक्टरीणबाई पहिल्यांदा चिडल्या. बाळाच्या कातडीला असलं जोरदार स्टेरॉइड लावायचं? अहो, 2018लाच 14 स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं सरकारनं केलंय ना? पण मेडिकलवाल्यासमोर उभं राहिलं की आपण सगळेच अडाणी होतो. त्यांनी स्वतः दिलं तेही स्टेरॉइडच, पण एकदम सौम्य, गालांना, मोजून काही दिवस. बाकी काय, तर कोमट पाण्यानं पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरकायची, पीठ-उटणं बंद, अंग ओलसर असतानाच बिनवासाचं क्रीम चोपडायचं, नखं बारीक ठेवायची. लोकर कातडीला टोचते, घाम येतो, म्हणून टोपी बंद. धुरी बंद. पोपडे नखानं खरवडायचे नाहीत, त्यातून पाणी किंवा पिवळा चिकट स्राव आला तर लगेच यायचं. आणि तेल लावलंच तर थोडंसं, अर्ध्या तासानं मऊ ब्रशनं सोडवून बेबी शाम्पूनं धुऊन टाकायचं. टाळूला हात लावायला घाबरू नका म्हणाल्या, त्या भीतीनंच तिथला थर जाड होतो. रात्रभर तेल ठेवलं म्हणजे त्या बुरशीला जेवण वाढून ठेवल्यासारखंच. दोन आज्या, दोन वेळचं जेवण!

आता... आता जे सांगते ते तुमच्या-माझ्यात. मधेच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खोबरेलाशिवाय आणखी काय लावलं?" सून म्हणाली, "ऑलिव्ह ऑइल." त्या म्हणाल्या, ते तर नकोच. त्यातलं एक आम्ल कातडीची वीण सैल करतं, शेफील्डला मोठ्या माणसांच्या हातांवर लावून पाहिलंय. आणि मग विचारलं, "हे कुणी सांगितलं?"

अहो, हसू नका. माझ्या लेकीनं अमेरिकेतून आणलेली बाटली, मी आपली प्रेमानं दिली होती. "शुद्ध आहे" म्हणून. तर ही भांडेवाली सांगते, सून दोन क्षण थांबली, म्हणाली, "असंच, घरात होतं." बघा! माझं नाव नाही घेतलं. चांगल्या घरची आहे हो मुलगी. मी उगाच त्या दिवशी तुमच्याजवळ तिच्याबद्दल... तुम्ही कुणाला बोलला नाहीत ना?

परवा बाटली परत आली. स्वच्छ पुसून, आणि सोबत धारवाडी पेढ्यांचा डबा. काही बोलली नाही, नुसती हसली. मला पेढा गिळेना. गिळला म्हणा नंतर, दोन गिळले. ते तेल मी आता कोशिंबिरीत घालते, चव काही खास नाही.

पण बाळ सुधारलंय हं. दोन आठवड्यांत गाल निवळले, पोपडेही सुटायला लागलेत, रात्री झोपतं. जावळ अजून तसंच आहे, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलतही नाही.

शू... गच्चीत आणलं बघा. बघा, बघा, डोकं मोकळं! केवढं गोड दिसतंय, केस वाऱ्यावर... आणि मागून जिन्यातून पुण्याच्या येतायत. हातात काय आहे हो त्यांच्या? टोपीच ना ती?