रा. रा. व्यवसाय कर यांस

जठारपेठ, अकोला

रा. रा. व्यवसाय कर यांसी,
मु. पो. पगारपत्रक, कपातीचा रकाना.



आपली ओळख जुनी, पण बोलणं कधी झालं नाही. एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये मी हिशेब लिहायचो, तेव्हा आपण दर महिन्याला 200 रुपये नेत होता आणि फेब्रुवारीत 300. सगळ्यात लहान महिन्यात सगळ्यात मोठी कपात का, हे मालकालाही सांगता येत नसे. मी शोधून काढलं. घटनेच्या 276व्या कलमानुसार आपल्याला वर्षाकाठी 2,500 च्या वर जाता येत नाही. अकरा महिन्यांचे 2,200 झाले की उरलेले 300 आपण फेब्रुवारीच्या अंगावर टाकता. हिशेबनीस म्हणून सांगतो, काम चोख आहे.

आता मिलवाल्यांनी "पुढच्या महिन्यापासून पाहू" असं कळवलंय. त्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. म्हणून आपल्याला लिहितोय, कारण आपला जन्मच बेकारांसाठी झालेला. 1972 च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला लागली, वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर गेली, आणि तिला पैसा हवा म्हणून 1975 च्या कायद्याने पगारदारांच्या मागे आपल्याला लावलं. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलं. शहराने खेड्याला हात द्यावा, याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या आजोळचा पाझर तलाव त्याच पैशातला आहे.

पण त्या हमीत असंही आहे की मागितल्यावर 15 दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. मी हुरळलो. बाळापूरकडच्या मावसभावाला फोन लावला. तो म्हणाला, "तुले नायी भेटत भाऊ. ते खेड्यातल्या माणसाईसाठी हाये. तू पडला जठारपेठचा." म्हणजे वर्गणी भरायला मी, पंगतीत मात्र माझं पान नाही.

मग चौकातल्या नेट कॅफेत जाऊन बसलो. भाजीबाजाराचा कालवा आत येत होता आणि तिथला पोरगा माझी बेकारी एका बोटाने टाइप करत होता. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 च्या जुलैत आली. आधी सरासरी कमाईचा चौथा हिस्सा मिळायचा, 2020 पासून निम्मा. जास्तीत जास्त 90 दिवस, तोही आयुष्यात एकदाच. (बेकारीलाही एकदाच यायची ताकीद दिली असणार.) मात्र विमा हवा, आणि त्यासाठी पगार 21,000 च्या आत हवा. माझा पगार त्या आकड्यावर जरासा सरकला तेव्हा आम्ही घरी श्रीखंड आणलं होतं. पोरगा म्हणाला, "काका, पगारवाढ घेतली नसती तं जमलं असतं."

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही पाहिली, लोक जिला लाडका भाऊ म्हणतात ती. 2024 मध्ये जाहीर झाली, तेव्हा पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन होतं. पण भाऊ 35 च्या आतला लागतो. माझं लाडाचं वय टळून गेलंय.

आपलं एक मात्र मानलं पाहिजे. आधार, पासबुक, मालकाचं पत्र, बाकी सगळे काही ना काही मागतात. आपण काहीच मागितलं नाही. पगार थांबला तसे आपणही गुमान थांबलात. माझी बेकारी बिनाअर्ज, बिनाचौकशी मंजूर करणारे आपण एकटेच निघालात.

तरी विनंती की, हेच पत्र कामाच्या मागणीचा अर्ज समजून 15 दिवस आजपासून मोजावेत. खडी फोडायची तयारी आहे. फक्त मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात दुपारी 12 ते 4 सूट मिळावी. ते जमत नसेल तर मस्टरवर बसवा, हजेरी बिनचूक मांडीन. अर्जाची पोच मिळावी, तीवर शिक्का असावा.

आपला आजवरचा बिनबोभाट देणेकरी,
एक बेकार हिशेबनीस