उरलेले सात

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या किरकोळ ट्रेडरांपैकी सुमारे ९३ टक्के लोक तीन आर्थिक वर्षांत तोट्यात गेले, आणि तोटाही माणशी सरासरी दोन लाखांचा. तेव्हापासून मी या ९३ जणांच्या शोधात आहे. लग्नाची पंगत, डोंबिवली लोकल, सोसायटीची वार्षिक सभा, कुठेही जा, मला भेटतात ते सगळे उरलेल्या सातांतलेच.

त्या सातांचे शिरोमणी आमचे साडू. भेटले की मोबाइल नाकासमोर धरतात. "यंदा अठरा टक्के!" त्यावर "कशाच्या तुलनेत?" असं विचारलं की त्यांचा चेहरा पगार विचारल्यासारखा होतो. वास्तविक तुलनेचं सामान त्यांच्याकडे मुबलक आहे. बाजार चढला की ते स्वतःला एफडीशी ताडून बघतात. पडला की निफ्टीशी: "निफ्टी दहा टक्के पडला, मी फक्त सहा." आणि दोन्हीकडून पंचाईत झाली की माझ्याशी. तिथे ते आजवर हरलेले नाहीत.

त्यांची एक्सेल शीट एकदा मला नीट बघायला मिळाली. नफ्याचे सौदे पहिल्या पानावर. इंट्राडे म्हणून घेतलेले आणि संध्याकाळपर्यंत आपटलेले शेअर दुसऱ्या पानावर, शीर्षक 'लाँग टर्म'. तिथल्या साठ टक्के उतरलेल्या एका शेअरपुढे शेरा होता: 'नातवंडांसाठी'. त्यांची मुलगी सातवीत आहे. ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी, स्टॅम्प ड्यूटी यांना शीटमध्ये प्रवेशच नव्हता. दिवाळीचा बोनस खात्यात भरला होता, तो मात्र वाढीत धरला होता.

त्यांचा सुवर्णकाळ म्हणजे कोविडचं वर्ष. "त्या वर्षी साठ टक्के काढले," हे वाक्य आमच्या घरात सत्यनारायणाच्या कथेइतक्या वेळा ऐकलं गेलंय. २३ मार्च २०२० ला निफ्टी ७,६१० वर बंद झाला आणि वर्षभरात जवळपास दुप्पट झाला. म्हणजे इंडेक्स फंडात पैसे टाकून जो वर्षभर भांडी घासत बसला, तो साडूंच्या पुढे गेला. हे मी बोलून दाखवलं तेव्हा मेव्हणीने दुसऱ्यांदा पोहे वाढले. साडूंनी विषय बदलला.

बरं, निफ्टीचा आकडासुद्धा अर्धवटच. आपण रोज बघतो त्यात कंपन्यांचा लाभांश नसतो. तो पुन्हा गुंतवला असं धरून मोजला की टोटल रिटर्न इंडेक्स होतो, आणि तो वर्षाला साधारण सव्वा टक्का जास्तच भरतो. २०१८ पासून सेबीने म्युच्युअल फंडांना याच इंडेक्सशी तुलना सक्तीची केली. साडू म्हणाले, "सेबीने फंडांना सांगितलंय. मला कुठे सांगितलंय?"

शेवटी मीच एक तह मांडला. खात्यात ज्या तारखेला जितके पैसे भराल, त्याच तारखेला तितकेच एका इंडेक्स फंडात टाकल्याचं कागदावर मांडायचं. पैसे काढलेत की तिथूनही काढायचे. लाँग टर्मचं पान पहिल्या पानाला जोडायचं. सगळे खर्च आणि कर वजा करून ३१ मार्चला दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. तुमचा जास्त भरला तर मी जाहीर सत्कार करीन, शाल-श्रीफळासकट.

साडू विचारात पडले. मग एकेक अट वाचून मान डोलावली. तारखा मान्य, खर्च मान्य, कर मान्य. जड मनाने नातवंडांचा शेअरसुद्धा मान्य.

"फक्त फंड निफ्टीचा, नेक्स्ट फिफ्टीचा की मिडकॅपचा," ते म्हणाले, "ते आपण ३१ मार्चला ठरवू."