विल्किन्स परदेशी गेला त्याची गोष्ट

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, कुंपणापाशी. आमच्या घरात बास्केटबॉलचं नाव काढायची सोय नाही, लगेच ह्यांचं लेक्चर सुरू.

तर आपला तो डॉमिनिक विल्किन्स हो! अटलांटाचा. इतकी वर्षं त्यांच्यासाठी राबला, डंक मारून मारून गुडघे झिजवले, आणि 1994 च्या फेब्रुवारीत, टीम ईस्टमध्ये सगळ्यांत वर असताना, उचलून दिला क्लिपर्सना! बदल्यात आणला कोण, तर डॅनी मॅनिंग. तो तरी टिकला का? उन्हाळ्यात चालता झाला फिनिक्सला. अटलांटावाल्यांची तोंडं बघायला हवी होती...

हां, तर काय सांगत होते? पुढे बोस्टनला गेला, तिथंही मन रमेना. मग 1995 मध्ये सरळ अथेन्स! तिथला पॅनाथिनाइकॉस क्लब. पैसा रग्गड, मान रग्गड. पण कोच कोण, तर बोझिदार माल्कोविच. युरोपचा कप आधी तीनदा जिंकलेला, दोनदा स्प्लिटकडून, एकदा लिमोझकडून. त्याचं म्हणणं, सावकाश खेळा, डिफेन्स सांभाळा. आणि ह्याचा जन्म गेला हवेत उडण्यात! कसं पटायचं सांगा? दोघांची धुसफूस सगळ्या अथेन्सला ठाऊक.

पण बाई, खेळला हो! 1996 च्या एप्रिलमध्ये पॅरिसला फायनल फोर होतं. पॅरिस म्हणजे ह्याचं जन्मगाव. वडील अमेरिकन एअर फोर्समध्ये, म्हणून पोर तिकडचं. सेमीफायनलला मॉस्कोच्या सीएसकेएला एकट्यानं 35 पॉइंट घातले. आणि फायनल बार्सिलोनाशी! शेवटची सेकंदं, पॅनाथिनाइकॉस एका पॉइंटनं पुढे, आणि बार्सिलोनाचा मोंतेरो चेंडू घेऊन सुटला एकटा. बास्केट झालीच म्हणायची, तेवढ्यात मागून तो लांबलचक व्रान्कोविच आला आणि दिला थोपटून चेंडू! त्यात घड्याळ म्हणे मध्येच अडकलेलं. बार्सिलोनावाले तक्रारी करकरून थकले, पण निकाल 67-66 तो 67-66च. फायनल फोरचा एमव्हीपी? आपलाच विल्किन्स.

आता तुम्ही म्हणाल, त्यांच्या हाडवैऱ्यांचं, ऑलिंपियाकॉसचं काय? तेच तर! शेजारचे ते, पिरेअसचे. 1994 आणि 95, दोन्ही वर्षी फायनलला जाऊन हात हलवत परतलेले. आणि ग्रीसला युरोपचा पहिला कप कोणी आणला, तर ह्या हिरव्या पॅनाथिनाइकॉसवाल्यांनी! किती झोंबलं असेल! पण गप्प बसतात होय? त्याच सीझनमध्ये ग्रीक लीगच्या फायनलच्या पाचव्या मॅचला पॅनाथिनाइकॉसला 73-38 असं चोपून काढलं. कप एकीकडे आणि हे एकीकडे... जाऊ दे.

विल्किन्स मग वर्षभर सॅन अँटोनिओला जाऊन आला. आणि 1997 मध्ये पुन्हा युरोप. कुठे, तर बोलोन्याला, फोर्तितूदोकडे. त्या गावात दोन क्लब, सख्खे शेजारी, आणि बोलणं-चालणं जावा-जावांसारखं. फोर्तितूदोला तोवर इटलीची लीग एकदाही मिळालेली नव्हती, आणि दुसऱ्या क्लबनं, व्हर्टुसनं, तर त्याच वर्षी युरोपचा कपही मारलेला. 31 मे 1998. लीगची फायनल, पाचवी मॅच, हे दोघंच समोरासमोर. फोर्तितूदो 72-68 पुढे, थोडी सेकंदं उरलेली. व्हर्टुसच्या त्या डॅनिलोविचनं लांबून फेकला, आणि फाउल कोणी केला? सांगा बरं!

विल्किन्सनं हो! चेंडू आत, शिट्टी वाजलेली, वरचा एक फ्री थ्रोसुद्धा आत. 72-72. फोर्तितूदोवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ओव्हरटाइममध्ये 86-77 हरले. अजून तिथली जुनी मंडळी म्हणतात, शिट्टी उगाच वाजवली. ह्यांचंही तेच मत. मला विचाराल तर, चार पॉइंटनं पुढे असताना त्या माणसाच्या जवळ जायचंच कशाला?

पुढे तो ऑर्लँडोला गेला, धाकटा भाऊ जेराल्डही त्याच टीममध्ये, आणि 1999 ला संपलं खेळणं. आणि फोर्तितूदोला लीग मिळाली कधी माहित्येय? 2000 साली! दोन वर्षं अजून तिथं थांबला असता तर... अगं बाई, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हो?