याड म्हणजे याडच

परवा कन्हेरीत वरात निघाली. बारामतीच्या पवारांच्या प्रचाराचा नारळ जिथं फुटतो, त्या आमच्या मारुतीपुढं ती थांबली. डीजेवाल्यानं 'याड लागलं' लावलं. मी हातातला चहा खाली ठेवला. दहा-पंधरा सेकंद व्हायोलिनं ऐकू आली असतील, तेवढ्यात त्यानं वर ठोका चढवला. व्हायोलिनं गेली, अजय गोगावलेचा दबका आवाज गेला, राहिली ती नुसती धडधड. पोरं नाचली. माझा मात्र जीव तुटला.

कारण या गाण्याबद्दल माझं ठाम मत आहे. आमच्या भागातल्या माणसाचा एवढा मोठा मान दुसऱ्या कुठल्याच गाण्यानं केलेला नाही. आणि आम्हीच ते नीट ऐकत नाही.

हे गाणं ज्या सिनेमातलं, तो 'सैराट' 29 एप्रिल 2016 ला आला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. इंदापूरच्या कडेला उजनीचं पाणी पसरलंय, त्याच्या पल्याड करमाळा. म्हणजे ऊस तोच, केळी तीच, बोलीही तीच. संगीतकार अजय-अतुलही लहानपणी वडिलांच्या महसूल खात्यातल्या बदल्यांमुळं पुणे जिल्ह्यातल्याच गावांत वाढले. या दोघा भावांनी 'सैराट'चा वाद्यवृंद लॉस एंजेलिसला, सोनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. हॉलिवूडच्या सिनेमांसाठी वाजवणारे वादक तिथं सिनेमातल्या आर्ची-परश्या या जोडीसाठी वाजवायला बसले.

तेव्हापासून एक प्रश्न ऐकतोय. खेड्यातल्या पोरांच्या गोष्टीला सिंफनी कशाला? हलगी होती, ढोलकी होती, संबळ होता, तेवढं पुरे होतं की!

पुरे नव्हतं. हलगीवर माझा जीव आहे, पण गावाला हलगीच मिळावी हा हट्ट कुणाचा? वर्षानुवर्षं आपण पडद्यावर पाहिलं. शहरातला नायक खिडकीशी उभा राहिला की मागं पन्नास व्हायोलिनं. गावचा गडी आला की ढोलकी. जसं काही गावच्या माणसाला फक्त नाचताच येतं, त्याला झुरणं माहीतच नाही. मासेमाराचा पोरगा परश्या जीव खाऊन पळत येतो आणि विहिरीत उडी टाकतो, तेव्हा त्याच्या छातीत जे होतं ते एका हलगीत मावत नाही. तिथं अख्खा ताफाच लागतो.

आता दुसरी गोष्ट, माझ्या लेखी सगळ्यात मोठी. तो शब्द. याड. शाळेत निबंधात 'याड' लिहिलं की गुरुजी तांबड्या शाईनं गोल करून वर 'वेड' लिहायचे. आमची पिढी बोलीची लाज अशीच शिकली. एवढा मोठा वाद्यवृंद समोर बसवल्यावर कुणालाही वाटलं असतं, शब्द जरा धुऊनपुसून घ्यावा, पाहुण्यांपुढं बरं दिसावं. अजय-अतुलनी तो धुतला नाही. अजयनं आवाजही बदलला नाही. तो गावात गातात तसाच गायला आणि व्हायोलिनांना त्या आवाजामागं यावं लागलं.

शब्दाची किंमत ज्यांना पटत नाही, त्यांनी 'सैराट'चा 2018 चा हिंदी अवतार 'धडक' आठवावा. हीच चाल तिथं 'पहली बार' झाली. वाद्यांचा थाट तसाच मोठा, गायकसुद्धा अजयच. तरी मला ते गाणं भिडलं नाही. त्यातून 'याड' गेलं होतं.

'हे विलायती आहे, आपलं नाही' म्हणणाऱ्यांना तर सरळ सांगतो, आपला इतिहास वाचा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं. त्या संगीत नाटकाच्या साथीला पुढं ऑर्गन आला, तो परदेशातून. म्हणून नाट्यपद परकं झालं का? हार्मोनियमशिवाय आपलं भजन बसत नाही, तीही तिकडचीच. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेट आणि ट्रंपेट काय नीरा कालव्यातून वाहत आले? माणसानं ते जीव लावून वाजवले आणि ते इथले झाले.

जगातही हेच चालतं. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी रॉक गायचा. 1987 मध्ये तो ऑपेराची थोर गायिका मॉन्तसेरात काबाये हिच्याबरोबर 'बार्सिलोना' गायला. दोघांनी आपापला आवाज राखला, म्हणून ते गाणं उभं राहिलं. एकानं दुसऱ्याची नक्कल केली असती तर ते कधीच पडलं असतं. 'याड लागलं'ची ताकद नेमकी तीच. सिंफनी सिंफनीसारखी वाजते, करमाळा करमाळ्यासारखा बोलतो आणि दोघांपैकी कुणीही मान खाली घालत नाही.

म्हणून डीजेवाल्यांना माझं सांगणं आहे. याच सिनेमातल्या 'झिंगाट'वर हवा तेवढा ठोका द्या. ते नाचण्यासाठीच केलंय, मीही नाचतो. पण 'याड लागलं'ला हात लावू नका. आणि वरातीतल्या आपल्या लोकांनाही सांगणं आहे. घरी जा, कानाला हेडफोन लावा आणि हे गाणं एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. मधल्या संगीतात व्हायोलिनं कशी चढत जातात ते ऐका. आपल्याच बोलीतला शब्द त्यांच्यावर कसा बसतो ते ऐका.

त्यानंतर सिनेमाचा शेवट आठवा. आर्ची-परश्याचं लेकरू रक्तात पाय भरवून बाहेर येतं, रडतं, आणि त्याचं रडणंसुद्धा आपल्याला ऐकू येत नाही. एक सूर नाही. एवढा मोठा ताफा ज्यांच्या हाताशी होता, त्यांनी तिथं सगळं बंद ठेवलं. कुठं वाजवायचं आणि कुठं गप्प राहायचं, हे त्यांना कळत होतं.

पुढच्या वरातीत मारुतीपुढं आपणही पाच मिनिटं ठोका बंद ठेवू. गाणं पुरं होऊ द्या. मग नाचू.