कल्याण ते ठाणे, बसून

महानगरात राहण्याचे सार्थक होते किंवा कसे, या प्रश्नावर ज्या ज्या विचारवंतांनी आजवर अनुकूल अभिप्राय दिला, ते सर्व अभिप्राय देतेसमयी बसलेले असले पाहिजेत, असा माझा फार जुना संशय आहे. उभ्या माणसाचे, आणि त्यातही ज्याच्या खांद्यावर परक्याची पिशवी, कानाशी परक्याचा मोबाइल आणि पायावर परक्याचा पाय आहे अशा उभ्या माणसाचे मत कोणी विचारले नाही. विचारले असते तर ते छापण्याजोगे निघाले नसते. या संशयाची शहानिशा करण्याचा योग मागील हिवाळ्यात एका शनिवारी मध्य रेल्वेवर जुळून आला, तो माझ्या आत्याबाईंच्या कृपेने आणि एका आरामखुर्चीच्या निमित्ताने.

आत्याबाई कल्याणच्या टिळक चौकात, जिला वाडा म्हणावे तर भिंती ऐकणार नाहीत आणि चाळ म्हणावे तर आत्याबाई ऐकून घेणार नाहीत अशा एका वास्तूत, लग्न होऊन आल्यापासून राहत होत्या. त्या वास्तूचा आता पुनर्विकास निघाला, आणि ‘तात्पुरते’ म्हणून त्यांचे बिऱ्हाड मुलाकडे बदलापुरास हलवण्याची तजवीज झाली. सामानाच्या वाटणीत माझ्या वाट्याला आली ती त्यांच्या सासऱ्यांची सागवानी, वेताने विणलेली, लांब हातांची आरामखुर्ची. सासरे जी.आय.पी. रेल्वेत कारकून होते. (त्या रेल्वेची 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य रेल्वे झाली, आत्याबाईंच्या बोलण्यात ती अद्याप झालेली नाही.) उभी हयात त्यांनी कल्याण ते बोरीबंदर आणि बोरीबंदर ते कल्याण अशी घालवली, आणि सायंकाळी घरी आल्यावर जेवणाचे पान मांडेपर्यंत ते या खुर्चीत कोणाशी एक अक्षर न बोलता पडून राहत. अशी ही खुर्ची मला का, असे विचारता आत्याबाई म्हणाल्या, “तुझ्या घरी कुणाला बसायला वेळ नसतो. निदान खुर्ची तरी बसेल.”

मी ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर राहतो, आणि त्या जागेला ठाणे म्हणणे हीच मुळात आत्याबाईंच्या दृष्टीने खोटी साक्ष आहे.

“एवढ्या लांब, एवढ्या उंच, एवढं कर्ज काढून राहतोस, तर मिळतं काय रे तुला तिथं?”

“गॅलरीतून येऊरचा डोंगर दिसतो.”

“सगळा?”

“दोन टॉवरांच्या मधून. हातभर.”

“मग हप्तासुद्धा हातभरच भरतोस ना?”

कल्याणच्या माणसास असे बोलण्याचा अधिकार आहे, हे मान्य केले पाहिजे. कान्हेरीच्या लेण्यांत ज्यांच्या दानाचे शिलालेख आहेत त्यांत कल्याणचे रहिवासी आहेत. शिवाजी महाराजांनी 1657 साली कल्याण घेतले तेव्हा मुंबई ही पोर्तुगिजांच्या अमलाखालील काही बेटे होती, आणि ठाण्यास घोडबंदर रस्त्याने राहावयास जाणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

खुर्ची टेम्पोने न्यावी, असा माझा बेत होता. परंतु टेम्पोवाला तत्त्वचिंतक निघाला. “साहेब, शीळफाट्यानं गेलं तर मुंब्रा बायपास आहे, कोनवरनं गेलं तर भिवंडी आहे. अडकायचं कुठं ते तुम्ही सांगा, भाडं मी सांगतो,” असे म्हणून त्याने जो आकडा सांगितला, त्यात नवी खुर्ची आली असती. त्यातच शनिवारी नऊ वाजता राहुकाळ लागतो आणि त्याआधी खुर्चीने कल्याणची हद्द सोडलीच पाहिजे, असा आत्याबाईंचा हुकूम सुटला. नऊच्या आधी, गर्दीच्या भर वेळी, रस्त्याने कोणतीही वस्तू कल्याणची हद्द सोडू शकत नाही. तेव्हा राहता राहिला लोकलचा मालडबा. सामानाच्या तिकिटासाठी खिडकीवर गेलो असता आतल्या गृहस्थांनी “काय वस्तू?” असे विचारले, मी “खुर्ची” म्हणालो, त्यावर त्यांनी मान वर करून, “बसायची?” असा जो प्रश्न केला, त्यातील हळवेपणा मी अजून विसरलेलो नाही.

हमालाने खुर्ची धिम्या गाडीच्या मालडब्यात चढवली, ती भाजीची गाठोडी, फुलांच्या करंड्या, शिडी घेतलेले दोन रंगारी आणि मालाशी दुरूनही संबंध नसलेले दहाबारा नोकरदार यांच्या मधोमध येऊन स्थिरावली. मी तिच्या पाठीला धरून उभा होतो. एक रंगारी म्हणाला, “काका, नुसती धरून काय ठेवलीय? बसा की!” आणि मी बसलो.

मध्य रेल्वेवर सकाळी बसावयास मिळणे म्हणजे काय, हे बाहेरगावच्या वाचकास सांगून समजणार नाही. येथे खिडकीची जागा हे वतन आहे, मधली जागा ही मालमत्ता आहे, आणि तिघांच्या बाकावर अर्ध्या मांडीने टेकावयाची चौथी सीट ही निव्वळ वहिवाट आहे. पण त्या वहिवाटीसाठीही डोंबिवलीचे शहाणे लोक आधी उलट्या दिशेने कल्याणास जातात आणि तीच गाडी परत फिरली की तिच्यात बसून डोंबिवलीवरून पुढे जातात. अशा मुलखात मी पाय लांब करून, हात हातांवर टाकून, मागे रेललो. पत्रीपूल गेला. (जुना शंभर वर्षे टिकला, 2018 साली पाडला, नवा 2021 साली उघडला, मधल्या काळात कल्याणकरांनी काय सोसले तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.) मन प्रसन्न झाले. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, तिला चौदा डबे आणि निमंत्रित सुमारे चारशे होते. पुढल्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. त्या चारशेंपैकी एकही उभा नव्हता असे धरून चालण्यास हरकत नाही, आणि महानगराच्या समर्थकांचा पक्ष त्याच गाडीत स्थापन झाला असला पाहिजे. मी त्या पक्षात ठाकुर्ली येण्यापूर्वीच दाखल झालो. 2011 च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांवर गेली आणि तो देशातील सर्वांत मोठ्या वस्तीचा जिल्हा ठरला, तीन वर्षांनी त्यातून पालघर वेगळा काढावा लागला, तरी उरलेल्यात सहा महानगरपालिका नांदतात, ही वस्तुस्थिती एरवी मला छातीवरच्या धोंड्याप्रमाणे वाटते. खुर्चीतून ती वैभवाची वाटू लागली. सत्तावीस गावे 1983 साली कल्याणच्या पालिकेत घातली, 2002 साली बाहेर काढली आणि 2015 साली पुन्हा आत घेतली, यातही मला त्या क्षणी प्रशासनाची तळमळच दिसली.

डोंबिवली आली.

डोंबिवली हे सुसंस्कृत शहर आहे. गुढीपाडव्याची शोभायात्रा 1999 साली प्रथम याच शहराने काढली, आणि दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर येथील तरुण पिढी जशी नटून येते तशी अन्यत्र क्वचितच येत असेल. परंतु सकाळी आठनंतर फलाटावर संस्कृती राहत नाही, केवळ निर्धार राहतो. सामान्य डब्यांत मावले नाहीत ते सर्व डोंबिवलीकर मालडब्यात शिरले, आणि शिरता शिरता त्यांना दिसले की आत एक मनुष्य आरामखुर्चीत पहुडला आहे. त्यांच्या मुद्रांवर जे भाव उमटले ते सिंहासनाकडे पाहणाऱ्या प्रजेचे नव्हते. ते वखारीकडे पाहणाऱ्या दुष्काळग्रस्तांचे होते. “पाय आत घ्या!” असा प्रथम पुकारा झाला. पाय आत घेता येतील अशी त्या खुर्चीची घडण नाही. मग कोणी एका लांब हातावर टेकले, कोणी दुसऱ्या. पाठीच्या चौकटीला दोघे लोंबकळले. एक विद्यार्थी माझ्या पोटऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत वह्या छातीशी धरून बसला आणि “सॉरी काका” म्हणाला. आत्याबाईंच्या सासऱ्यांनी जिच्यात आयुष्यभर एकांत भोगला त्या खुर्चीने माझ्यासह सहा माणसे धारण केली, आणि सागवान एकदाही कुरकुरले नाही. कुरकुरलो तो मी.

कोपरला एक भाजीवाली बाई दोन गाठोड्यांच्या मधून डोके काढून म्हणाली, “बाबा, जरा टेकू देता का? राती दोनपासनं उभी हाय.” मार्केटातला माल निवडून, जुड्या बांधून, डोक्यावरून ती स्टेशनात आली होती. मी उठलो. माझ्यामागोमाग, आश्चर्य असे की, हातांवर टेकलेलेही उठले आणि तिला ऐसपैस जागा झाली. दिवा येण्यापूर्वी तिला गाढ झोप लागली. आणि मी, उभा राहिल्यापासून दोन मिनिटांत, महानगराचा कट्टर विरोधक झालो.

खाडी, तिवरे आणि पारसिकचा डोंगर ही दृश्ये रमणीय आहेत म्हणतात. मला एका गृहस्थाचा डबा दिसत होता.

मुंब्र्याच्या वळणावर मात्र मी दाराकडे पाहिले. 9 जून 2025 रोजी सकाळी याच वळणावर दोन गाड्या शेजारून जात असताना दारांत लटकलेली माणसे खाली पडली, आणि त्यांपैकी चौघे त्याच दिवशी गेले. कामावर निघालेली माणसे होती ती. पोळीभाजीचे डबे घेऊन निघालेली. त्यानंतर नव्या गाड्यांना आपोआप मिटणारी दारे बसवण्याचे जाहीर झाले, आणि कोणी ना कोणी, दर वेळी म्हणतात तसे, मुंबईकरांच्या दुसऱ्याच दिवशी कामावर रुजू होण्याच्या जिद्दीचे कौतुकही केले. या कौतुकाची मला मनापासून चीड आहे. दुसऱ्या दिवशी न जाऊन तो माणूस करणार काय होता? हप्ता कोण भरणार होता? जिद्दीची स्तुती करणाऱ्यांना एकदा आमच्या डब्याच्या दारात आणावे, आणि खुर्ची देऊ नये.

कळवा गेले आणि “ठाणा उतरणार का? ठाणा?” अशी मागून पुढून विचारणा सुरू झाली. मला उतरायचे होते, खुर्चीला उतरायचे होते. परंतु खुर्चीत बाई होती. तोंड किंचित उघडे, एक हात गाठोड्याच्या गाठीवर, आणि चेहऱ्यावर अशी निर्धास्तता, की ती माझ्या गादीवर मला कधी लाभलेली नाही. ती कोठे उतरणार हे विचारण्यासाठी तिला उठवावे लागले असते. ठाणे आले, निम्मा डबा उतरला, तेवढाच चढला, एका सद्गृहस्थाने “काका, उतरताय ना?” म्हणून मला ढकलूनही पाहिले. मी जागचा हललो नाही. गाडी सुटली, आणि ठाण्यापर्यंतचेच तिकीट असलेली ती आरामखुर्ची माझ्यासह मुंबईच्या हद्दीत गेली.

मुलुंडला बाईने डोळे उघडले.

“कंचं टेशन?”

“मुलुंड, मावशी. तुम्हाला झोप लागली होती, म्हणून मी मुद्दाम उठवलं नाही.”

“मुलुंड? अवो, मला ठाण्याला उतरायचं व्हतं की! गिऱ्हाईक थांबलं असंल माजं!”

त्यापुढे तिने जे ऐकवले ते संपूर्ण डब्याने ऐकले, आणि मघा खुर्चीच्या हातावर बसलेल्या डोंबिवलीकरांनी तर मान डोलावून तिला दुजोराही दिला. दोन्ही रंगारी, विद्यार्थी आणि मी अशा चौघांनी मिळून खुर्ची व गाठोडी खाली घेतली, पुलावरून पलीकडच्या फलाटावर नेली, आणि बाईने या दिंडीचे नेतृत्व केले. उलट्या दिशेच्या गाडीचा मालडबा जवळजवळ रिकामा होता. बाई पूर्वहक्काने खुर्चीत बसली. मी गाठोड्यावर टेकणार तोच ती कडाडली, “मेथी चेपंल!”, आणि त्या ओस डब्यात मला पुन्हा उभे राहावे लागले.

“ऱ्हाता कुटं?”

“घोडबंदर रोडला.”

“मग ही कशी न्येनार? रिक्षात मावंना. इकून टाका मला. आठशे देते.”

“मावशी, सागवान आहे.”

तिने वेतावरून हात फिरवला, मागे रेलून पाहिले, आणि पाय लांब केले. “मग बाराशे.”

ठाण्याच्या फलाटाला गाडी लागेपर्यंत सौदा पंधराशे रुपये व अळूच्या दोन जुड्या इथपर्यंत आला होता, आणि माझ्या खिशात, खुर्ची पोचली का हे विचारण्यासाठी, आत्याबाईंचा फोन वाजत होता.