लर्निंगचे नाना

कुठल्याही सोसायटीत एक माणूस पाण्याच्या टाकीचं बघतो, एक गणपतीच्या वर्गणीचं बघतो आणि एक आरटीओचं बघतो. जेलरोडच्या आमच्या सोसायटीत हे तिसरं खातं नानांकडे आहे. कुणाच्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली, कुणाच्या सुनेला गाडी शिकायची लहर आली की वरात नानांच्या दारात. ‘नाना, लर्निंग काढायचंय.’ नाना चष्मा पुसतात आणि म्हणतात, ‘अर्ज नंतर. आधी बस. पिवळा दिवा लागला की काय करशील?’

पोरगं म्हणतं, ‘जोरात काढेन.’

‘सहा महिन्यांनी ये.’

आता मुद्दा असा, की नानांना स्वतःला गाडी येत नाही. पक्कं लायसन्सही नाही. आहे ते लर्निंग. ते सहा महिन्यांत संपतं. ३० दिवस झाले की पक्क्याची ट्रायल देता येते, पण नाना देत नाहीत. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा परीक्षा, पुन्हा पैकीच्या पैकी आणि पुन्हा सोसायटीत पेढे. लेखी परीक्षेत नाशिक जिल्ह्यात नानांचा हात धरणारा कुणी नसेल. मैदानात उतरायचं म्हटलं की मात्र कधी पितृपक्ष आडवा येतो, कधी पाऊस, कधी गुडघा. हल्ली एकच उत्तर असतं : ‘सिंहस्थाची कामं उरकू देत. मी तयार आहे रे, रस्ते तयार नाहीत.’

नाना करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले. १९२८ पासून जिथे देशाच्या नोटा छापल्या जातात तिथे उभा जन्म काढलेला माणूस. छपाई केसभर सरकली की कागद बाजूला, हा खाक्या. निवृत्त झाल्यावर ती नजर रिकामी राहिली. आधी ती वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनावर गेली, मग काकूंच्या पोळ्यांवर. काकूंनी निषेध नोंदवला. एवढ्यात पुण्याच्या मुलाने दुसरी गाडी घेतली आणि जुनी इथे आणून लावली. नानांनी ठरवलं, गाडी शिकायची. म्हणजे गाडीचे नियम शिकायचे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना आजवर कुणी पटवू शकलेलं नाही.

चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरचा दाखला लागतो, नमुना १-अ. त्यात एक प्रश्न असतो : चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? इतर लोक हो म्हणतात आणि डॉक्टर सही करतात. नानांनी पार्किंगमध्ये टेप टाकून २५ मीटर मोजले, खडूने रेघ मारली आणि तिथे उभं राहून आमच्या सगळ्यांच्या एमएच १५ मोठ्याने वाचून काढल्या. त्यात दोघांच्या प्लेटा नियमात बसत नाहीत असं निघालं. ते दोघे अजून नानांशी नीट बोलत नाहीत. खडूची रेघ मात्र कामाला आली, पोरं तिथून क्रिकेटची बोलिंग टाकतात.

परीक्षा तशी साधी. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ६० टक्क्यांची अट आहे, तीच ही. नानांना ही अट अपमानास्पद वाटते. ‘प्रेसमध्ये शंभरातल्या चाळीस नोटा चुकीच्या छापल्या असत्या तर? इथे सरकार सांगतं, सहा चुका माफ. मग प्रत्येक जण रस्त्यावर येऊन आपापल्या सहा चुका वापरतो.’ तेव्हापासून कुणी उलट्या दिशेने रिक्षा घातली की आम्हीही म्हणतो, ‘जाऊ दे, त्याच्या सहातली एक.’

नानांचा क्लास रविवारी सकाळी भरतो, फी नाही. फक्त काकूंचा चहा संपेपर्यंत उठायचं नाही. प्रश्नसंच त्यांना पाठ आहे आणि शिकवण्याची पद्धत त्यांची स्वतःची. प्रत्येक प्रश्नाखाली तीन पर्याय असतात. पादचारी रस्ता ओलांडण्यासाठी थांबले आहेत : हॉर्न वाजवून पुढे जावे, वेग कमी करून हॉर्न देत जावे, की गाडी थांबवून ते पलीकडे जाईपर्यंत वाट पाहावी? अरुंद पूल आहे, समोरून गाडी शिरते आहे : वेग वाढवून आधी निघावे, दिवे लावून निघावे, की ती ओलांडेपर्यंत थांबावे? नाना म्हणतात, ‘डोकं लावू नका. तिन्ही पर्याय वाचा. त्यातला जो द्वारका चौकात आजपर्यंत कुणी करताना दिसला नाही, त्यावर टिचकी मारा.’

ही किल्ली वापरून आमच्या सोसायटीतला एकही उमेदवार आजवर नापास झालेला नाही. एक मुलगा तर प्रश्न न वाचता पंधरापैकी चौदा घेऊन आला.

काही प्रश्नांवर नानांचा विशेष जीव. पहारेकरी नसलेलं रेल्वे फाटक आलं तर चालकाने काय करावं? गाडी डावीकडे थांबवावी, खाली उतरावं, रुळांपर्यंत चालत जावं, दोन्ही बाजूंनी गाडी किंवा ट्रॉली येत नाही याची खात्री करावी आणि मगच परत येऊन फाटक ओलांडावं. मोटार वाहन कायद्यातच आहे हे. नाना हे वाक्य ज्या आवाजात म्हणतात त्या आवाजात आमच्याकडे फक्त सत्यनारायणाची पोथी वाचली जाते. परिणाम असा झाला, की मुलगा पुण्याहून आला असताना इंदिरानगरच्या बोगद्यापाशी नाना गाडीतून उतरले आणि समोरून काही येतंय का ते पाहायला चालत निघाले. बोगद्यातून रेल्वे जात नाही हे मुलाने मागून ओरडून सांगितलं. नाना म्हणाले, ‘तत्त्व तेच आहे.’ तोवर मागे पाथर्डी फाट्याच्या दिशेने जी रांग लागली, ती त्या बोगद्याला नेहमीचीच असल्याने कुणाच्या लक्षात आली नाही.

सर्कलला उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा आणखी एक आवडता नियम. ‘सारडा सर्कल, जेहान सर्कल, एबीबी सर्कल, एवढी सर्कलं असलेलं गाव, आणि हे कुणाला माहीत नाही!’ नाना हळहळतात. मी एकदा विचारलं, उजवीकडून येणं थांबलंच नाही तर? नानांनी बराच वेळ विचार केला. म्हणाले, ‘मग आपण योग्य जागी थांबलेलो असतो.’

१४ जून २०२१ पासून महाराष्ट्रात लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येऊ लागली. आधार जोडायचं, रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहायची, तिथल्या तिथे परीक्षा द्यायची. नानांना हे मुळीच रुचलं नाही. घरोघरी ती चित्रफीत लावून लोक अंघोळीला जातात आणि परीक्षेच्या वेळी उमेदवाराच्या मागे आत्या, मामा, क्लासवाला मोठा भाऊ अशी कमिटी उभी राहते, हे त्यांनी या डोळ्यांनी पाहिलं आहे. ते स्वतः मुद्दाम कार्यालयात जाऊन परीक्षा देण्याचा पर्याय निवडतात. त्यासाठी जेलरोडहून पेठरोडच्या आरटीओपर्यंत अख्खं नाशिक पार करायचं, तेही सिटीलिंकच्या बसने, खिशात दोन पेनं घेऊन. परीक्षा संगणकावर असते, पेन लागत नाही. ‘असू द्यावं,’ म्हणतात. बाहेरचे एजंट आता त्यांना ओळखतात. पहिल्या वेळी एकाने, ‘काका, अभ्यास कशाला करता, आम्ही आहोत ना,’ असं म्हणण्याची चूक केली होती. नानांनी त्याला तिथेच पकडून ‘थांबण्यास मनाई’ आणि ‘पार्किंगला मनाई’ या दोन पाट्यांतला फरक विचारला. (एकीवर तिरप्या दोन रेघांची फुली, दुसरीवर एकच रेघ. मलाही नानांमुळेच कळलं.) तेव्हापासून नाना दिसले की तो टपरीच्या मागच्या बाजूला चहा घेतो.

नानांचा सुवर्णकाळ म्हणजे २०२१ चा पावसाळा. त्या वर्षी १५ ऑगस्टपासून नाशिकच्या पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू केलं. पंपावर लोक एकमेकांची हेल्मेटं उसनी घेऊन टाकी भरू लागले. आमच्या सोसायटीत धड हेल्मेट एकच होतं, नानांचं, आणि नानांकडे दुचाकी नव्हती. शिकायला लागलो की घालायचं असतं म्हणून आणून ठेवलेलं. त्या महिन्यांत त्या हेल्मेटाने निम्म्या जेलरोडला पेट्रोल मिळवून दिलं. पण नाना ते असंच देत नसत. दारात उभं करून तीन प्रश्न, चुकलास तर पायी जा. पुढे पोलीस बिनहेल्मेटवाल्यांना धरून ‘नाशिक फर्स्ट’ या संस्थेच्या ट्रॅफिक पार्कमध्ये समुपदेशनाला बसवू लागले, तेव्हा नाना आपण होऊन तिथे गेले. काही गुन्हा नसताना आलेल्या माणसाला बसवायचं कुठे, हा तिथल्या लोकांपुढे पेच पडला म्हणतात.

त्यांच्या ‘एल’च्या पाटीबद्दल सांगितलंच पाहिजे. लोक लाल टेपचे दोन तुकडे काचेला चिकटवतात, दोन पावसात त्यातला आडवा गळतो आणि मागे नुसता एक उभा दांडा उरतो. नानांची पाटी नियम ३ प्रमाणे आहे : १८ बाय १८ सेंटिमीटरचा पांढरा पुठ्ठा, त्यावर लाल अक्षर १० सेंटिमीटर उंच, तळाशी ९ रुंद, जाडी २. कडा इतक्या नेटक्या, की नोटेवर छापावी. पुढे एक, मागे एक. गाडी जागची हलत नाही, पण पाट्या दर दसऱ्याला नव्या होतात आणि त्यांना झेंडूची फुलंही मिळतात.

पक्क्या लायसन्सचा विषय काढला की नाना हिशेब मांडतात. पंचावन्न उलटल्यावर पक्कं म्हणजे काय, तर पाच वर्षांचं. ‘तेही संपतं, हेही संपतं. आणि याच्यात निदान दर सहा महिन्यांनी अभ्यास होतो. तुझं लायसन्स किती वर्षांचं? वीस? म्हणजे वीस वर्षांत तू काही वाचलेलं नाहीस.’ यावर बोलायला मला जागा नसते. खरं सांगायचं तर नानांची चेष्टा आम्ही सगळेच करतो, पण रस्त्यात अडलेला कुठलाही नियम शेवटी त्यांनाच फोन करून विचारतो. गाडी चालवणाऱ्या एकालाही तो आठवत नसतो.

गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी नानांच्या हाताखाली लर्निंग काढलं आणि पुढे ट्रायल देऊन पक्कंही मिळवलं. गुरुदक्षिणा म्हणून त्यांनी नानांना फेरफटक्याला बोलावलं. नाना पुढे बसेनात. शेजारी बसणाऱ्याकडे पक्कं लायसन्स हवं, म्हणाले. तो नियम शिकाऊ माणूस चालवत असेल तेव्हाचा, हे सूनबाईंनी त्यांनाच सांगितलं. नानांचा ऊर भरून आला, पण बसले मागेच. मीही होतो.

नाशिकरोडलाच एका शाळेपुढे झेब्रा पट्ट्यांशी एक गृहस्थ पिशवी घेऊन उभे होते. सूनबाईंनी गाडी थांबवली. गृहस्थ हलेनात. त्यांनी हाताने खूण केली, जा. सूनबाईंनी खूण केली, तुम्ही जा. मागून हॉर्न सुरू झाले. ‘तिसरा पर्याय,’ मागून नाना म्हणाले, ‘ते पलीकडे जाईपर्यंत वाट पाहावी.’ सूनबाई जागच्या हलल्या नाहीत. अखेर नानांनी काच खाली केली. ‘अहो, तुम्ही ओलांडल्याशिवाय आम्हाला जाता येत नाही.’

‘मला नाही ओलांडायचं,’ ते म्हणाले. ‘मी रिक्षाची वाट बघतोय.’

पण मागचा गोंगाट वाढला तसे ते बिचारे पिशवी सावरत पट्ट्यांवरून पलीकडे गेले. सूनबाईंनी पहिला गिअर टाकला. एवढ्यात गृहस्थांना रिक्षा अलीकडेच मिळणार हे आठवलं असावं. ते वळले आणि परत येण्यासाठी पट्ट्यांच्या तोंडाशी उभे राहिले.

‘थांब,’ नाना म्हणाले.