खोललंच आहे तर...

कात्रजच्या चढावर गाडी नुसती ओरडायची, पुढे सरकायची नाही. गॅरेजात मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला आणि क्लच प्लेट समोर धरली. रिव्हेटपर्यंत घासलेली. मग त्यांनी रिलीज बेअरिंग बोटावर फिरवलं. ते जात्यासारखं घरघरलं.

"साहेब, खोललंच आहे तर हेही बदलून टाकू."

या तीन शब्दांचा मी धसकाच घेतलेला आहे. याच शब्दांवर नळाची चकती बदलायला आलेला प्लंबर आमचं अख्खं न्हाणीघर फोडून गेला होता. म्हणून मी मिस्त्रींना बाणेदारपणे म्हणालो, "चालतंय तोवर चालू द्या."

चाललं की! चांगलं चार महिने चाललं. मग तेच गॅरेज, तोच गिअरबॉक्स, आणि तो उतरवायची तीच मजुरी, पुन्हा एकदा. बेअरिंग शेकड्यांत, मजुरी हजारांत. मिस्त्री एक अक्षर बोलले नाहीत. ते काम बिलानं केलं.

टायमिंग बेल्ट बदलताना त्यावरच फिरणारा वॉटर पंप 'अजून बरा आहे' म्हणून वाचवणारे माझेच भाऊबंद. पंप पुढे गळू लागला की नव्या बेल्टसकट सगळं पुन्हा खोलायचं.

अर्थात, 'खोललंच आहे तर' म्हणत सीट कव्हरं गळ्यात मारणारेही असतात. म्हणून जुना भाग हातात मागा, फिरवून बघा. तिथवर पोचायची मजुरी भागापेक्षा महाग असेल, तर बाणेदारपणा घरी ठेवा आणि मुकाट्यानं बदला.